इलिओस्टोमीनंतरचा पहिला लांबचा प्रवास

११ फेब्रुवारीला माझे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढण्यात आले आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला मी लेकीला भेटण्यासाठी ९ तासांच्या विमानप्रवासाला निघाले. मधल्या ८ महिन्यांपैकी निदान ५ महिने मी हा प्रवास आपल्याच्याने होणार नाही असेच धरून चालले होते. पोटावर लावलेली मलाची पिशवी आकाशात फुटेल, सुरक्षा तपासणीत सगळ्यांसमोर पोट उघडे करावे लागेल, शेजारच्या माणसाला वास येईल, या तीन भीतींनी माझ्या कितीतरी रात्री खाल्ल्या. प्रत्यक्षात यांतले काहीच घडले नाही. जे घडले त्याची मात्र मी कधी भीतीच बाळगली नव्हती, आणि म्हणून हा सगळा अनुभव तारखांसकट लिहून ठेवते आहे.

माझा आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकाळ चालणारा दाह. १४ वर्षे औषधांवर काढल्यानंतर मोठे आतडे आणि गुदाशय काढण्यावाचून पर्याय उरला नाही. लहान आतड्याचे टोक पोटाच्या उजव्या बाजूला त्वचेबाहेर काढून शिवले आहे. या रचनेला इलिओस्टोमी म्हणतात आणि बाहेर दिसणाऱ्या लालसर, ओलसर टोकाला स्टोमा. स्टोमाला स्नायूंचे झाकण नसते, त्यामुळे मल केव्हा बाहेर येईल यावर आपला ताबा नसतो. तो त्वचेवर चिकटवलेल्या प्लेटला जोडलेल्या पिशवीत साठतो आणि दिवसातून साधारण ६ ते ८ वेळा ती पिशवी आपण रिकामी करतो. ज्यांची कोलोस्टोमी आहे, म्हणजे मोठ्या आतड्याचे टोक बाहेर काढलेले आहे, त्यांचा मल बहुधा घट्ट असतो आणि युरोस्टोमी, म्हणजे लघवीसाठी स्टोमा असलेल्यांच्या पिशवीत लघवी साठते, त्यामुळे त्यांच्या काही अडचणी माझ्यापेक्षा वेगळ्या असतील. मी लिहिते आहे ते इलिओस्टोमीच्या अनुभवावरून.

पहिले दोन महिने प्रवासाचा विषयही नव्हता. शल्यचिकित्सकांनी जड वस्तू उचलायला सक्त मनाई केली होती, कारण स्टोमासाठी पोटाच्या भिंतीत छेद दिलेला असतो आणि त्या जागी हर्निया होण्याचा धोका कायमचा राहतो. शिवाय सुरुवातीच्या ६ ते ८ आठवड्यांत स्टोमाची सूज उतरून त्याचा आकार कमी होत जातो, त्यामुळे प्लेटचे भोक दर आठवड्याला नव्याने मोजून कापावे लागत होते. माझा स्टोमा एप्रिलच्या मध्यावर २८ मिलिमीटरवर स्थिरावला आणि तेव्हापासून मी ३० मिलिमीटरचे भोक कापते. भोक याहून मोठे ठेवले तर उघड्या राहिलेल्या त्वचेला मल लागून ती सोलवटते.

२० एप्रिलला स्टोमा नर्सच्या आग्रहावरून मी मोटारीने दोन तासांचा पहिला प्रवास केला. सिस्टरांचे म्हणणे असे होते की लांबच्या प्रवासाचा निर्णय घरात बसून घेऊ नये. आधी लहान प्रवास करावा, त्यात काय बिघडते ते पाहावे आणि मग ठरवावे. त्या दिवशी दोन गोष्टी बिघडल्या. सीटबेल्टचा आडवा पट्टा नेमका प्लेटच्या कडेवर दाबत होता आणि मी तो सैल करून बसले, जे सर्वथा चुकीचे होते. आता मी पट्टा कमरेच्या हाडांवर खाली बसवते आणि पट्टा व पोट यांच्यामध्ये स्टोमाच्या वरच्या बाजूला हातरुमालाची जाड घडी ठेवते, म्हणजे पिशवीत मल उतरायला वाट राहते. दुसरी चूक अशी, की जादा साहित्याचा डबा मी उन्हात उभ्या मोटारीत सोडला. प्लेटचा चिकट थर उष्णतेने मऊ पडतो. त्या डब्यातल्या तीन प्लेट्स कागदाला इतक्या चिकटल्या की टाकून द्याव्या लागल्या. पिशव्या आणि प्लेट्स मोटारीत ठेवायच्या नाहीत, आपल्याबरोबर सावलीत न्यायच्या, हे तेव्हापासून पक्के झाले.

जुलैमध्ये रात्रीच्या रेल्वेचा प्रवास केला आणि हलत्या गाडीतल्या शौचालयात पिशवी रिकामी करायला शिकले. याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण हे मला कोणीही नीट सांगितले नव्हते. पिशवी एक तृतीयांश भरली की उठायचे, अर्ध्याच्या पुढे कधीही जाऊ द्यायची नाही, कारण भरलेल्या पिशवीचे वजन प्लेटला खाली ओढते आणि गळती तिथूनच सुरू होते. बसण्याचा शौचकूप असेल तर त्यावर जरा मागे सरकून बसायचे आणि पिशवीचे तोंड दोन मांड्यांमध्ये घ्यायचे. कूप जमिनीलगत असेल तर एका हाताने दांडी पकडून गुडघ्यांत वाकायचे. आत आधी कागदाचा थर टाकला तर शिंतोडे उडत नाहीत. पिशवीचे तोंड उघडण्यापूर्वी त्याची कड बाहेरच्या बाजूला दुमडून घेतली तर ती कड स्वच्छ राहते, आणि रिकामे झाल्यावर आतला शेवटचा दोन बोटांचा भाग कागदाने पुसला की बंद केल्यावर वास उरत नाही. पाण्याची छोटी बाटली नेहमी जवळ हवी, कारण नळाला पाणी असेलच असे नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घाई करायची नाही. बाहेर कोणी दार वाजवत असले तरी आपल्याला लागणारी ४ मिनिटे आपण घ्यायची. त्या रात्री मी तीनदा उठले, तिसऱ्या खेपेला हात थरथरले नाहीत, आणि पहाटे उतरताना मी नवऱ्याला म्हणाले की ऑक्टोबरचे तिकीट काढायला हरकत नाही.

ऑगस्ट आणि सप्टेंबर कागदपत्रांत गेले. डॉक्टरांच्या पत्रापासून सुरुवात केली. पहिल्यांदा मिळालेल्या पत्रात 'रुग्णाची शस्त्रक्रिया झाली असून प्रवासास योग्य आहे' एवढेच होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी स्वतः एक मसुदा तयार करून दिला. त्यात शस्त्रक्रियेचे नाव व तारीख, स्टोमा कायमस्वरूपी असल्याचा उल्लेख, पिशव्या, प्लेट्स, पुसण्या व पावडर हे वैद्यकीय साहित्य असून ते विमानात हाताशी असणे आवश्यक आहे हे वाक्य, आणि औषधांची कंपनीची नव्हे तर मूळ रासायनिक नावे होती. सही-शिक्क्यासह हे दुसरे पत्र हाती पडायला ९ दिवस लागले. लेकीने त्याचे तिथल्या भाषेत भाषांतर करून घेतले. पत्राच्या मागच्या पानावर मी पिशवीचा आणि प्लेटचा प्रकार, मिलिमीटरमधील माप आणि उत्पादकाचा क्रमांक लिहून ठेवला, कारण सामान हरवले तर परक्या देशातल्या औषधविक्रेत्याला क्रमांकच समजतो, आपले वर्णन नाही.

विम्याला १७ दिवस लागले. अर्जात आधीपासूनच्या आजारांचा आणि गेल्या १२ महिन्यांतील शस्त्रक्रियांचा रकाना होता. 'तो रकाना रिकामा ठेवला तर हप्ता कमी बसेल' असे मला सुचवण्यात आले. मी तसे केले नाही आणि कोणीही करू नये असे मला मनापासून वाटते, कारण माहिती लपवली असेल तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो. हप्ता दीडपट झाला, पण स्टोमाशी संबंधित गुंतागुंत, आतड्यातील अडथळा आणि शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे लागणारे उपचार यांचा समावेश आहे हे मी लेखी मागून घेतले. पिशव्यांचे सामान हरवल्यास भरपाई मिळणार नव्हती, म्हणून ते हरवणारच नाही अशी व्यवस्था माझी मला करावी लागणार होती.

विमान कंपनीशी पत्रव्यवहार हा या सगळ्यातला सर्वांत थकवणारा भाग ठरला. मला दोनच गोष्टी हव्या होत्या: शौचालयाजवळची, मधल्या वाटेलगतची जागा, आणि वैद्यकीय साहित्याची एक जादा छोटी पिशवी आत नेण्याची परवानगी. पहिल्या पत्राला ठरावीक साच्याचे उत्तर आले, दुसऱ्याला आलेच नाही, तिसऱ्या पत्राबरोबर मी डॉक्टरांचे पत्र जोडले तेव्हा १२ दिवसांनी दोन्ही मान्य झाल्याचे कळले. त्या उत्तराची छापील प्रत मी पारपत्रात ठेवली आणि विमानतळावर ती दोनदा दाखवावी लागली.

कात्रीचा प्रश्नही याच काळात सुटला. हातातल्या सामानात कात्रीचे पाते किती लांब चालते याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. युरोपीय संघात पात्याच्या खिळ्यापासून ६ सेंटीमीटरची मर्यादा आहे, अमेरिकेत ४ इंचांची. त्या वादात पडण्याऐवजी मी सगळ्या प्लेट्सची भोके घरीच कापून ठेवली आणि कात्री मोठ्या बॅगेत टाकली. १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या द्रवांचाही असाच घोळ असतो, म्हणून प्लेट सोडवण्यासाठी फवाऱ्याऐवजी ओल्या पुसण्या घेतल्या.

सामानाचे गणित मी असे केले. मुक्काम १६ रात्रींचा, घरी मी दर तिसऱ्या दिवशी प्लेट बदलते, म्हणजे ६ प्लेट्स पुरल्या असत्या. उष्ण हवेत घामाने प्लेट लवकर सुटते आणि विमान रद्द झाले तर दोनतीन दिवस वाढू शकतात, हे धरून मी १६ प्लेट्स आणि २४ पिशव्या घेतल्या. घरी महिनाभराहून अधिक काळ पुरणारे साहित्य एकदम विकत घ्यावे लागल्याने त्या महिन्याचा खर्च बराच वाढला, पण या बाबतीत काटकसर करू नये. यातला एकही नग मी सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत ठेवला नाही. निम्मे माझ्या खांद्यावरच्या पिशवीत आणि निम्मे नवऱ्याच्या, अशी विभागणी केली. याशिवाय अंगालगत ठेवायची एक चपटी थैली केली: कापून ठेवलेली एक प्लेट, दोन पिशव्या, पुसण्या, कोरडे कागद, कचऱ्यासाठी गाठ मारता येणाऱ्या अपारदर्शक पिशव्या, हात स्वच्छ करण्याचे द्रव आणि एक जादा सलवार. ओआरएसच्या म्हणजे जलसंजीवनीच्या २० पुड्या घेतल्या त्या सिस्टरांनी बजावले म्हणून. मला स्वतःला त्या फार वाटल्या होत्या.

१७ ऑक्टोबरला सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापूर्वी मी प्लेट बदलली. उपाशीपोटी स्टोमा शांत असतो, म्हणून बदलण्याची ती सर्वांत चांगली वेळ. निघण्याच्या दिवशी मुद्दाम बदलली नाही, कारण नवी प्लेट नीट चिकटली नसेल तर ते घरी असतानाच कळलेले बरे. प्रवासाच्या भीतीने उपाशी राहण्याचा मोह मला झाला होता. पण रिकाम्या आतड्यात वायू जास्त होतो आणि येणारा मलही पातळ होतो, त्यामुळे थोडे थोडे आणि वेळेवर खावे असे सिस्टरांनी सांगितले होते. वायू वाढवणारी पेये, च्युइंगम, तसेच अळंबी, मका, कठीण कवचाची फळे असे आतड्यात अडकणारे पदार्थ मी आदल्या दिवसापासून बंद केले.

विमानतळावर ३ तास आधी पोहोचलो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत असताना माझे तोंड कोरडे पडले होते. अंगाचे चित्र घेणाऱ्या यंत्रात पिशवी दिसतेच, त्यामुळे ती लपवण्याचा प्रयत्न करू नये. यंत्रात जाण्यापूर्वीच मी महिला अधिकाऱ्याच्या हाती एक छोटे कार्ड दिले. त्यावर दोन भाषांत लिहिले होते की माझ्या पोटावर शस्त्रक्रियेनंतरची वैद्यकीय पिशवी आहे, ती काढता येणार नाही, आणि गरज असल्यास स्वतंत्र खोलीत तपासणी व्हावी. असे कार्ड ऑस्टोमी (म्हणजे स्टोमा असलेल्यांच्या) संघटनांकडून मिळते किंवा घरीही करता येते. ते दाखवल्याने तपासणीतून सूट मिळत नाही. पण चार लोकांसमोर तोंडाने सांगावे लागत नाही, आणि माझ्यासाठी तेवढे पुरेसे होते. यंत्राने पोटाच्या उजव्या बाजूला चौकोन दाखवला. मला बाजूच्या खोलीत नेले, नवऱ्याला बरोबर येऊ दिले. अधिकारी बाईंनी मला कपड्यांवरूनच स्वतःच्या हाताने पिशवीवर दाबायला सांगितले, मग माझ्या तळहातावरून एक कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात तपासली आणि मी जाऊ शकते असे सांगितले. कपडे वर करावे लागले नाहीत. ६ मिनिटे. आठ महिने ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो असा सरला आणि बाहेर आल्यावर मी एका बाकावर बसून रडले.

काही विमानतळांवर सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी गळपट्टी मिळते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अडचणी असलेल्या प्रवाशांसाठी ही पद्धत २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि नंतर अनेक देशांत पसरली. मी उतरल्यानंतरच्या विमानतळावर ती मागून घेतली, आणि अपंगांसाठी राखीव शौचालय वापरताना कोणी हटकले नाही. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाने ते दार उघडले की लोक रोखून पाहतात. पण आत हात धुण्याचे भांडे असते, सामान ठेवायला जागा असते, आणि आपला त्यावर पूर्ण हक्क आहे. जपानमध्ये तर स्टोमा असलेल्यांसाठी कमरेच्या उंचीचे वेगळे भांडे आणि फवारा असलेली सार्वजनिक स्वच्छतागृहे आहेत. तशी सोय सगळीकडे झाली पाहिजे.

आता पिशवी फुटण्याविषयी. विमान कितीही उंचावर गेले तरी आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. २,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे बंद पिशवीतला वायू जास्तीत जास्त एक तृतीयांशाने फुगतो. पिशवी फुटायला एवढे फुगणे पुरत नाही, मात्र ती आधीच भरलेली असेल तर प्लेटच्या कडेवर ताण येऊ शकतो. म्हणून विमानात चढण्याच्या आधी १५ मिनिटे मी पिशवी पूर्ण रिकामी केली. पिशवीला कोळशाचा छोटा फिल्टर असतो आणि त्यातून वायू वासाशिवाय बाहेर पडतो, पण इलिओस्टोमीच्या पातळ मलाने तो ओला होऊन बंद पडतो, हेही खरे. माझी पिशवी प्लेटला कड्याने जोडलेली असल्यामुळे उड्डाणानंतर तासाभराने मी शौचालयात जाऊन कड्याची वरची बाजू किंचित उघडली आणि वायू सोडून दिला. ९ तासांत ४ वेळा उठले. शेजारच्या प्रवाशाला काही कळले असेल असे मला वाटत नाही. आतड्याच्या दाहक आजारात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी सुचवलेले घट्ट पायमोजे घातले होते, आणि त्यासाठीही उठून चालणे आवश्यकच होते.

खरी कसोटी २१ ऑक्टोबरला, मुक्कामाच्या चौथ्या दिवशी लागली. लेकीबरोबर दिवसभर उन्हात पायी फिरलो. तहान लागत होती आणि मी पाणी पीत होते; भरपूर पाणी पिणे म्हणजे काळजी घेणे, अशी माझी समजूत होती. संध्याकाळपर्यंत जवळजवळ ३ लिटर साधे पाणी पोटात गेले होते. दुपारपासून पिशवी लवकर लवकर भरू लागली, आतला मल पाण्यासारखा झाला, आणि रात्री झोपेपर्यंत मी ती ११ वेळा रिकामी केली. लघवी मात्र अगदी थोडी आणि गडद पिवळी होत होती. रात्री १ वाजता दोन्ही पोटऱ्यांत असह्य पेटके आले, आणि उठून उभी राहिले तर डोळ्यांसमोर अंधारी आली.

लेकीने आमच्या सिस्टरांना फोन लावला. त्यांचे पहिले वाक्य होते, "ताई, साधं पाणी आधी थांबवा." मला ते ऐकून धक्का बसला, कारण मी पाणी कमी पडले म्हणून आजारी झाले असे समजत होते. कारण असे की, निरोगी माणसाचे मोठे आतडे रोज लिटरभराहून अधिक पाणी आणि त्याबरोबर मीठ परत शोषून घेते. ते आतडेच माझ्याकडे नाही. इलिओस्टोमीतून एरवी दिवसाला ५०० ते ८०० मिलिलिटर मल येतो; तो दीड लिटरवर गेला की शरीरातले मीठ आणि पाणी दोन्ही झपाट्याने बाहेर जाऊ लागतात. अशा वेळी नुसते पाणी ओतले तर ते शोषले जाण्याऐवजी शरीरातलेच मीठ आतड्यात ओढून घेते आणि पिशवीत येऊन पडते. जितके पाणी पीत गेले तितकी मी कोरडी पडत गेले. जलसंजीवनीचा उपयोग होतो तो लहान आतड्याचे अस्तर सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागे पाणी जाते म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एका लिटर द्रावणात सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असते. ही बरोबरी मुद्दाम राखलेली आहे. म्हणूनच पुडी सांगितलेल्याच मापाच्या पाण्यात मिसळायची, चवीसाठी पाणी वाढवायचे नाही.

त्या रात्री मी एक लिटर द्रावण घोटाघोटाने दोन तासांत संपवले. लोपेरामाइड हे आतड्याची गती मंदावणारे औषध माझ्या चिठ्ठीवर आधीपासून होते. ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितले. हे औषध प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच बरोबर ठेवावे, कारण ताप असेल, मलातून रक्त जात असेल किंवा आतड्यात अडथळा असेल तर ते घेणे धोक्याचे असते. विम्याच्या मदतक्रमांकावरून सकाळी ८ ची दवाखान्याची वेळ मिळाली. तिथे रक्त तपासले, सोडियम किंचित खाली गेलेले निघाले, आणि शिरेतून सलाइनची एक बाटली देऊन दुपारी ३ वाजता घरी सोडले. भाषांतर केलेले पत्र तिथे फार उपयोगी पडले. डॉक्टरांनी ते वाचून मला एकही प्रश्न विचारला नाही. दवाखान्याचे पैसे आधी आम्हाला भरावे लागले आणि सगळ्या मूळ पावत्या जोडल्यावर विम्याकडून ते ७ आठवड्यांनी परत मिळाले.

सिस्टरांनी मग मला एक नियम घालून दिला आणि उरलेले १२ दिवस मी तो काटेकोर पाळला. सकाळी उठल्यावर अर्धा लिटर जलसंजीवनी, दुपारी बाहेर असताना अर्धा लिटर, जेवणात नेहमीपेक्षा थोडे जास्त मीठ, आणि साधे पाणी एका वेळी घोटभर. पुड्या मिळत नसतील तर सेंट मार्क्स या नावाने ओळखले जाणारे द्रावण घरी करता येते: एक लिटर पिण्यायोग्य पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. ज्यांना मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. पेटके, उभे राहताना चक्कर, गडद लघवी आणि एरवीपेक्षा अधिक वेळा भरणारी पिशवी ही चार लक्षणे मी आता माझ्या नवऱ्यालाही पाठ करून दिली आहेत, कारण मीठ कमी झाले की आपल्याला स्वतःला नीट विचार करता येत नाही.

गळती एकदाच झाली, २७ ऑक्टोबरच्या रात्री. उष्ण हवेमुळे मी प्लेट दर दुसऱ्या दिवशी बदलू लागले होते, तरीही घामाने खालची कड सुटली आणि पहाटे ४ वाजता त्वचेला खाज सुटून जाग आली. स्टोमाला वेदनेची जाणीव नसते, पण भोवतीच्या त्वचेला असते, आणि अशी खाज किंवा जळजळ ही गळतीची पहिली खूण असते. चादर, कपडे आणि मी स्वतः स्वच्छ व्हायला ४० मिनिटे लागली. लेक उठून आली, काही न बोलता चादर बदलून गेली. आठ महिने ज्याला घाबरत होते ते प्रत्यक्षात एवढेच होते. काढलेली प्लेट आणि पिशवी दोन पिशव्यांत गाठ मारून कचऱ्यात टाकली. ती शौचकुपात टाकायची नसते, नळ तुंबतो.

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे थोडेच आहे. बॅग उचलून वर ठेवण्याचे काम मी कर्मचाऱ्यांना सांगितले आणि तसे सांगताना मला संकोच वाटला नाही. रात्रीच्या विमानात पिशवी रिकामी करायला विसरू नये म्हणून हातघड्याळात दर दोन तासांचा गजर लावला. विमानातली हवा फार कोरडी असते हे आता माहीत असल्यामुळे जलसंजीवनीच्या पुड्या हातात ठेवल्या, सुरक्षा तपासणीच्या पलीकडे पाणी विकत घेतले आणि द्रावण तिथेच तयार केले.

४ नोव्हेंबरला घरी खोके उघडून मोजणी केली. १६ प्लेट्सपैकी ७ उरल्या होत्या आणि पिशव्या १०. जलसंजीवनीच्या २० पुड्यांपैकी एकही उरली नव्हती. शेवटच्या पाच दिवसांसाठी आणखी विकत घ्याव्या लागल्या होत्या. लेकीने मार्चमध्ये पुन्हा बोलावले आहे. त्या प्रवासाची यादी मी त्याच संध्याकाळी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली, आणि तिच्या पहिल्या ओळीत ४० पुड्या लिहिल्या आहेत.